जुन्या स्पोर्ट्स कारच्या रेडिएटरचा फॅन फिरत नाही? मोटर विकत घेण्याआधी हे मोजा

एकाच फॅनसाठी मी दोन मोटरी विकत घेतल्या आहेत. पहिली बसवली तेव्हा फॅन जुन्यासारखाच रडत फिरला, म्हणून नवी मोटरच सदोष असेल असं धरून दुसरी आणली. तीही तशीच रडली. शेवटी हेडलाइटच्या मागे बॉडीला जिथे अर्थची (म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी) काळी वायर बोल्टने आवळलेली होती तो बोल्ट सोडवला. खाली पांढरट-हिरवी पूड आणि गंज. पॉलिश पेपरने पाच मिनिटं घासलं आणि फॅन असा सुटला की बॉनेटखालची धूळ उडाली. जुनी मोटर मी तोवर भंगारात देऊन बसलो होतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

तेव्हापासून एक नियम पाळतो: फॅन फिरत असताना, म्हणजे लोडवर, व्होल्टेज मोजल्याशिवाय एकही सुटा भाग घ्यायचा नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत फॅनच्या तक्रारीचं मूळ मोटरपेक्षा तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेत सापडण्याची शक्यता जास्त असते. बोल्ट, सॉकेट, फ्यूजचे पाय, रिलेचे (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट अशा जागी.

आधी खात्री करा की दोष फॅनचाच आहे

गाडी गरम होते म्हणजे फॅन बिघडला असं नाही. थांबलेल्या किंवा रांगणाऱ्या गाडीत काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर फॅनवर संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा चढत असेल तर फॅनला निर्दोष सोडा. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते. तिथे चोंदलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप, अर्धाच उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अशी कारणं शोधावी लागतात.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. नाक इतकं खाली असतं की बऱ्याच गाड्या हवा समोरून न घेता बंपरच्या खालून घेतात. शेव्हरोले कॉर्व्हेटची चौथी पिढी (१९८४ ते १९९६) याचं ठळक उदाहरण. बंपरखाली लोंबणारी काळी प्लास्टिकची पट्टी हवा वळवून रेडिएटरकडे ढकलते. ती घासून तुटली आणि कोणी परत लावली नाही, तर गाडी हायवेवर तापते आणि मालक बिचारा फॅन तपासत बसतो.

तसंच काटा शंभरला टेकला म्हणून लगेच घाबरू नका. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट असं मिश्रण असेल आणि रेडिएटरचं झाकण १ बारच्या आसपासचा दाब धरत असेल, तर उकळबिंदू सव्वाशे अंशांच्याही वर जातो. झाकणाचं रबर गेलं असेल तर मात्र फॅन ठणठणीत असूनही कूलंट उकळून बाहेर येतं. झाकण स्वस्त असतं. शंका असेल तर बदलून टाका. माझ्या नियमाला हा एवढाच अपवाद.

हात घालण्याआधी

इलेक्ट्रिक फॅन चावी काढल्यावरही सुरू होऊ शकतो. पोर्श ९४४ सारख्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावर फॅन काही वेळ फिरणं ही मुळातलीच रचना आहे. तेव्हा पात्याजवळ बोटं न्यायची असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. गाडी बुटकी असल्यामुळे खाली शिरायला जॅक लागतोच, पण नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता स्टँड लावा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्यासाठी ते जीवघेणं विष आहे.

साहित्य फार लागत नाही: साधा मल्टीमीटर, ३० अँपिअरच्या फ्यूजसह दोन जाड जम्पर वायरी (४ चौरस मिलिमीटरची तांब्याची चालेल), आणि एक जुना ५५ किंवा ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब, ज्याला दोन वायरी जोडलेल्या आहेत. हा बल्ब का, ते पुढे येईलच. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावायचा) मिळाला तर सोन्याहून पिवळं. मल्टीमीटर सरळ फॅनच्या मार्गात लावून करंट मोजायला जाऊ नका. बहुतेक मीटर १० अँपिअरपर्यंतच झेपतात, आणि फॅन चालताना १० ते २० अँपिअर घेतो. सुरू होण्याच्या क्षणी तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. मीटरचा फ्यूज जातो आणि पुढचा अर्धा तास माणूस मीटर का बंद पडला ते शोधत राहतो. (विचारू नका मला कसं माहीत.)

गाडीचा वायरिंग डायग्रॅम मात्र हवाच. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते हे अंदाजाने ठरवणं जुन्या गाडीत फसवं असतं, कारण आधीच्या मालकांपैकी कोणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतंच.

पहिली पायरी: मोटर थेट बॅटरीवर

फॅनचं कनेक्टर काढा. पातं हाताने फिरवून बघा. सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. घासल्याचा आवाज, अडकणं, किंवा पातं वर-खाली हलणं म्हणजे बुश किंवा बेअरिंग गेलं.

आता जम्पर वायरींनी फॅनला थेट बॅटरी द्या. शेवटची जोडणी फॅनच्या टोकाला करा, बॅटरीच्या टर्मिनलवर नको, कारण ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. फॅन जोरात फिरला तर मोटरला तूर्त बाजूला ठेवा आणि पुढच्या पायरीवर जा. अजिबात हलला नाही तर मोटरच्या पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकंसं ठोका. ठोकल्यावर सुरू झाला तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत, आणि हा फॅन लवकरच भर गर्दीत दगा देणार. हातोडी वापरू नका. मोटरच्या आत मॅग्नेट चिकटवलेले असतात, ते तडकतात.

फॅन फिरतो पण जीव नसल्यासारखा, असं असेल तर क्लॅम्प मीटर लावा. जास्त करंट आणि कमी वेग म्हणजे मोटर आतून जाम होते आहे. कमी करंट आणि कमी वेग म्हणजे ब्रश किंवा आतली जोडणी खराब.

बॅटरीवर जोडतानाच फॅनची दिशाही बघून घ्या. या मोटरींत वायरी उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो, आणि बदललेल्या फॅनमध्ये हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा दिसतं. पुढे गाडीच्या जोडणीवर फॅन फिरेल तेव्हा रेडिएटरसमोर पातळ कागद धरा. तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर फॅन समोरून येणाऱ्या हवेशी झगडतोय.

दुसरी पायरी: वीज कुठे गळते

इथेच मी फसलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. मी त्या वेळी कनेक्टर काढून, मीटरचे दोन प्रोब त्याच्या दोन टर्मिनलांत घालून व्होल्टेज बघितलं होतं. साडेबारा! म्हणजे वायरिंग ठीक, असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तांब्याची एकच तार शाबूत असलेली, बाकी सगळी कुजलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते. खरा भार आला की तीच वायर मान टाकते. एक दशांश ओहमचा अडथळा घ्या. साधा मल्टीमीटर तो धड दाखवूही शकत नाही. त्यातून २० अँपिअर गेले की २ व्होल्ट तिथेच मरतात आणि ४० वॅट उष्णता त्या एका जोडावर तयार होते. सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक वितळतं ते यामुळेच.

म्हणून कनेक्टर जोडलेलं ठेवून, फॅन गाडीच्याच जोडणीतून चालवून मोजायचं. फॅन आपोआप लागत नसेल तर रिलेचं सॉकेट जोडून तो चालू करा (कसं ते पुढच्या पायरीत). मग तीन मापं घ्या. पहिलं फॅनच्या कनेक्टरमागून दोन्ही टर्मिनलांमध्ये. दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून फॅनच्या पॉझिटिव्ह वायरपर्यंत. तिसरं फॅनच्या निगेटिव्ह वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत. या तिन्हींची बेरीज त्या क्षणीच्या बॅटरी व्होल्टेजएवढी येते.

माझ्या गाडीत आलेले आकडे असे होते: फॅनला ९.१, पॉझिटिव्ह बाजूला ०.४, अर्थच्या बाजूला ३.१. बेरीज १२.६. म्हणजे जवळपास पाव वीज त्या गंजलेल्या बोल्टखाली जात होती, आणि मी मोटरी बदलत होतो.

पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्ट इथवर मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर मीटरचा एक प्रोब बॅटरीवरच ठेवून दुसरा एकेका जोडावर सरकवत न्या: बॅटरीचा क्लॅम्प, मुख्य फ्यूज, फॅनच्या फ्यूजचे दोन्ही पाय, रिलेचं ३० नंबरचं आणि ८७ नंबरचं टर्मिनल, मग कनेक्टर. आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष.

मोटर काढून ठेवलेली असेल किंवा तीच मेलेली असेल, तर तो हेडलाइटचा बल्ब फॅनच्या जागी जोडा. तो साडेचार-पाच अँपिअर घेतो. झगझगीत पेटला तर वाट बरी आहे, पिवळट पेटला तर नाही. एलईडीचा टेस्टर इथे काही कामाचा नाही, तो कुजक्या वायरवरही आनंदाने पेटतो.

अर्थचा जोड साफ करताना रंग आणि गंज पूर्ण खरवडून चकचकीत धातू उघडा करा, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. फ्यूजचे पाय तपकिरी झाले असतील तर नुसता फ्यूज बदलून भागत नाही. होल्डरमधली पकड उष्णतेने सैल पडलेली असते आणि नवा फ्यूजही तिथे तापतो. होल्डरचं टर्मिनल बदला, किंवा त्या मार्गासाठी वेगळा फ्यूज होल्डर बसवा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालण्याचा मोह टाळा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. जाम होणारी मोटर, पात्यात अडकलेलं काही, किंवा रेडिएटरच्या पत्र्यावर घासून सोललेली वायर, यांपैकी एक कारण सापडेलच.

तिसरी पायरी: रिले

जुन्या गाड्यांत बहुधा चार किंवा पाच पायांचा चौकोनी रिले असतो. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ मधून फॅनला जाते, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. पाचवा पाय ८७ए असेल तर तो रिले निवांत असताना ३० शी जोडलेला असतो. रिलेच्या अंगावर छापलेली आकृती आधी वाचा, कारण काही कंपन्यांनी पायांची मांडणी वेगळी ठेवली होती.

रिले काढून सॉकेटमधले ३० आणि ८७ फ्यूज बसवलेल्या त्या जाड जम्पर वायरने जोडा. फॅन फिरला तर मोटर आणि मुख्य वाट जिवंत आहे, आणि दोष एक तर रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. आता कॉइल: रिले हातात घेऊन ८५-८६ मध्ये मोजा, साधारण ५० ते १२० ओहम यायला हवेत.

रिले 'टक्' वाजला म्हणजे चांगला, हा समज सोडून द्या. टक् आवाज कॉइलचा पुरावा आहे, कॉन्टॅक्टचा नाही. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे पडले की आवाज येतो, वीज जात नाही. उलट ते वितळून एकमेकांना चिकटले की फॅन चावी काढल्यावरही थांबतच नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. हॉर्नचा किंवा दिव्यांचा तसाच रिले असेल तर अदलाबदल करून बघणं सर्वांत सोपं, मात्र पायांची मांडणी आणि अँपिअर जुळत असतील तरच.

चौथी पायरी: हुकूम कोण देतो

फॅनला 'लाग' म्हणणारी गोष्ट दोनपैकी एक असते. जुन्या पद्धतीत रेडिएटरमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घरट्यात बसवलेला थर्मो स्विच, जो ठरावीक तापमानाला आत जोडला जातो. त्याच्या अंगावर बऱ्याचदा दोन आकडे कोरलेले असतात, जसं ९२ आणि ८७: पहिल्याला फॅन लागतो, दुसऱ्याला बंद होतो. नव्या पद्धतीत सेन्सर तापमान कळवतो आणि रिले ओढण्याचा निर्णय ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) घेतो. सेन्सर आणि स्विच शेजारी-शेजारी बसवलेले असतात आणि लोक चुकीचाच बदलतात. सेन्सरचा अडथळा तापमानाबरोबर हळूहळू उतरतो, २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि इंजिन तापल्यावर दोनशे-तीनशे. स्विच मात्र एक तर पूर्ण जोडलेला किंवा पूर्ण तुटलेला.

स्विचचं कनेक्टर काढा आणि चावी फिरवा. काहीच झालं नाही तर डायग्रॅम बघून कनेक्टरच्या दोन टर्मिनलांना एकमेकांशी जोडा, किंवा एकच वायर असेल तर तिला अर्थ द्या. फॅन लागला तर स्विच दोषी किंवा त्याच्यापर्यंत गरम कूलंट पोचत नाही. इथे एक चकवा आहे. टोयोटाच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत व्यवस्था उलटी आहे: थंड असताना स्विच जोडलेला असतो आणि तापल्यावर तुटतो, त्यामुळे कनेक्टर नुसतं काढलं तरी फॅन लागतो. वायर तुटली तर इंजिन जळण्यापेक्षा फॅन उगाच फिरलेला बरा, हा त्यामागचा शहाणा विचार. माझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत तर बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीएफए आणि जीएनडी ही दोन टोकं जोडून, चावी 'ऑन' केली की मुख्य फॅन फिरायला हवा. स्विच न काढता अर्ध्या मिनिटात निम्मी शंका मिटते.

स्विच काढून तपासायचा तर धातूचा भाग पाण्यात बुडवून, मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या खुणेवर) लावून पाणी तापवा आणि सोबत थर्मामीटर ठेवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडे-तिकडे चालतं. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी पाणी शंभरच्या आधीच उकळतं, दर ३०० मीटरला सुमारे १ अंश, हे लक्षात ठेवा. एकाच वायरचा स्विच परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याची अर्थची जोडणी आट्यांतूनच होते.

स्विच नवा, वायरिंग ठीक, तरी फॅन लागत नाही आणि काटा वर? मग आत हवा अडकली असेल. स्विचभोवती कूलंटऐवजी वाफेचा बुडबुडा असला की त्याला खरं तापमान कळत नाही. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या टोयोटा एमआर२ किंवा फियाट एक्स१/९ सारख्या गाड्यांत हा त्रास फार. गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप जातात आणि प्रत्येक वळणावर हवा दडून बसते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचे स्क्रू एकेक करून उघडा. घाई केली की सगळं पुन्हा करावं लागतं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. मी देणार नाही. इंजिन धड तापतच नाही आणि मूळ दोष जागेवरच राहतो. थर्मोस्टॅट उघडण्याचं तापमान फॅन लागण्याच्या तापमानापेक्षा कमी आहे ना, एवढं मात्र तपासा.

उरलेसुरले प्रकार

दोन वेगांच्या फॅनमध्ये मोठा वेग चालतो आणि लहान चालत नाही, तर बहुतेक वेळा मालिकेत बसवलेला रेझिस्टर जळालेला असतो. एसी लावल्यावर फॅन फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटरकडे बघूही नका, थर्मो स्विच किंवा सेन्सरच्या बाजूला जा. (दोन फॅन असतील तर फिरतोय तो कोणता, हे आधी पाहा.) फॅन सतत फिरत असेल तर चिकटलेला रिले, अडकलेला स्विच, किंवा सेन्सरची तुटलेली वायर. सेन्सरकडून माप आलं नाही तर अनेक ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन लावून ठेवतात.

फॅन जोमाने फिरतो तरी गाडी तापते, तेव्हा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारून बघा. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा आणि मेलेले किडे तिथे गादीसारखे साचलेले असतात. फॅनभोवतीचं आवरण काढलेलं असेल तर परत बसवा. त्याच्याशिवाय फॅन फक्त आपल्या पात्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढतो.

डॅशबोर्डखाली फॅनचा हाताने चालवायचा स्विच सापडला, तर आधीच्या मालकाने दोष शोधण्याऐवजी पळवाट काढली होती असं समजा. असा स्विच ठेवायला माझी हरकत नाही, पण फॅनचा सगळा करंट त्यातून जात असेल तर आजच काढा. तो फक्त रिलेच्या कॉइलपुरता जोडलेला असावा.

सगळं झाल्यावर गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी बंद, आणि फॅन तीनदा लागून तीनदा बंद होईपर्यंत हलू नका. लागतानाचं आणि थांबतानाचं तापमान कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. मग इंजिन बंद करा आणि फॅनच्या फ्यूजवर, रिलेवर आणि त्या अर्थच्या बोल्टवर बोट ठेवून बघा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जा.